ब्रिस्केट तीनदा केलं, तिन्ही वेळा चिवट. नक्की कुठे चुकतंय?

अंगणातली_चूल:

माझ्याकडे ५७ सेंटिमीटर व्यासाचं, गोल झाकणाचं, साधं कोळशाचं केटल ग्रिल आहे. वेगळा स्मोकर नाही आणि घ्यायचाही नाही. याच ग्रिलवर बीफ ब्रिस्केट (छातीकडचं मांस) मंद धुरावर करून बघायचं वेड डोक्यात शिरलंय. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा फसलं. काय काय केलं ते सगळं लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल. आकडे सेल्सिअसमध्ये आहेत.

पहिल्यांदा ३ किलोचा नुसता फ्लॅटचा, म्हणजे ब्रिस्केटच्या पातळ, कमी चरबीच्या भागाचा तुकडा आणला. झाकणावरचा काटा १२० दाखवत होता. पाच तासांत मांस आतून ७१ अंशांवर गेलं आणि तिथेच बसलं. अडीच तास काटा हलेना. वाटलं थर्मामीटर बिघडला, ७३ ला काढून घेतलं. चामड्यासारखं लागलं.

दुसऱ्यांदा तसंच अडकल्यावर मी आणखी कोळसे टाकले. ग्रिल १८० वर गेलं, मांस ८४ वर पोचलं, पण बाहेरून काळं पडलं आणि चव कडवट.

तिसऱ्यांदा लाकडाचे तुकडे रात्रभर पाण्यात भिजवून ठेवले होते. पांढरा दाट धूर निघाला, मला तर बरंच वाटलं. आधी दोन्ही वेळा जास्त शिजून कोरडं झालं असं समजून या वेळी ७७ लाच उतरवलं. तरी कोरडं ते कोरडंच, आणि दातांनी ओढावं लागत होतं.

घरचे काही बोलले नाहीत. पण बाबांना पूर्ण कवळी आहे. त्यांनी एक घास बराच वेळ तोंडात घोळवला, मग हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवला. ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. पुढच्या महिन्यात त्यांना ७५ पूर्ण होतात, त्या दिवशी त्यांना चावता येईल असं करून घालायचंय.

आच आणखी कमी करू का? व्हिनेगरमध्ये मुरवू का? की या ग्रिलवर ब्रिस्केट होतच नाही, खरं सांगा.

मंद_आच:

ताई, होतं. मी अकरा वर्षं याच मापाच्या केटल ग्रिलवर करतोय आणि प्रत्येक वेळची नोंद वहीत ठेवतो. तुमची तिन्ही वर्णनं वाचली. तुमचं मांस एकदाही जास्त शिजलेलं नाही. तिन्ही वेळा ते कच्चं राहिलंय.

हे पटायला जड जातं, कारण ७५ अंश म्हणजे इतर कुठल्याही मांसाच्या हिशेबात पूर्ण शिजलेलं. पण ब्रिस्केट हा जनावराच्या छातीचा स्नायू. गुराढोरांना गळपट्टीचं हाड नसतं, पुढच्या अंगाचं वजन छातीचे स्नायू तोलून धरतात. म्हणून त्यात कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर. त्याचं मऊ जिलेटीन व्हायला नुसती उष्णता पुरत नाही, वेळ लागतो. साधारण ७० च्या पुढे ते काम नीट सुरू होतं आणि ९० च्या पुढे आवरतं. दुसरीकडे, मांसाचे रेषे ६५-७० पर्यंतच आकसून आपलं बरंचसं पाणी पिळून टाकतात. म्हणजे ७० ते ८५ या पट्ट्यात काढलेलं ब्रिस्केट सगळ्यात वाईट: पाणी गेलेलं, जिलेटीन अजून आलेलं नाही. कोरडंही आणि चिवटही. तुम्ही तिन्ही वेळा नेमक्या याच पट्ट्यात उतरवलंत.

ओळखायची खूण सांगतो. पेन्सिलीएवढ्या जाडीचा एक काप दोन हातांत धरून हलकेच ओढा. रबरासारखा ताणला गेला आणि तुटेना, तर कमी शिजलंय. उचलतानाच भुगा झाला, तर जास्त. ओढल्यावर किंचित ताणून सहज सुटला, की जमलं. दोन्ही चुका तोंडात ‘कोरडं’ अशाच लागतात, म्हणून माणूस फसतो आणि पुढच्या वेळी आणखी लवकर काढतो. तुमच्या तिसऱ्या वेळी तेच झालं.

काटा अडकतो त्याबद्दल. थर्मामीटर बिघडलेला नाही. मांसाला घाम येतो असं समजा. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, तेवढीच उष्णता कोळसे देत असतात. हिशेब बरोबरीत, काटा जागच्या जागी. ग्रेग ब्लाँडर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हे तपासून दाखवलंय: त्याने पाण्याने भिजलेला स्पंज आणि चरबीचा गोळा असे दोन्ही तापवले. चरबी सरळ तापत गेली, स्पंज मात्र ब्रिस्केटसारखाच मध्येच अडकला. म्हणजे अडकण्याचं कारण पाणी. ६५ ते ७५ च्या दरम्यान कुठेही हे होतं आणि चार-पाच तासही चालतं. तेव्हा करायचं काय, तर काहीच नाही. कोळसे वाढवायचे नाहीत, झाकण उघडायचं नाही.

आता आग. केटल ग्रिलमध्ये सगळी कसोटी इथे आहे. ब्रिकेट, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या घ्या, ओबडधोबड लाकडी कोळसा नको, कारण सगळे तुकडे एका मापाचे हवेत. ग्रिलच्या आतल्या कडेला लागून दोन-दोन ब्रिकेट शेजारी मांडत जा, थोडे एकमेकांवर रेललेले, आणि त्यांच्या डोक्यावर आणखी दोनांची रांग. असं करत पाऊण वर्तुळापेक्षा थोडं जास्त भरा. दोन्ही टोकं एकमेकांना भिडू देऊ नका, नाहीतर आग दोन्हीकडून पळते. याला ‘स्नेक’ म्हणतात. सापाच्या पहिल्या अर्ध्या भागावर दर बोटभर अंतराने मुठीएवढा लाकडाचा तुकडा ठेवा, असे पाच-सहा पुरेत. आठ-दहा ब्रिकेट वेगळे पेटवा, राख धरून पांढरे झाले की चिमट्याने एका टोकाला ठेवा. मग आग एकेका ब्रिकेटवरून पुढच्यावर सरकत जाते. माझ्याकडे असा साप दहा-अकरा तास चालतो. मधल्या मोकळ्या जागेत फॉइलच्या ट्रेमध्ये गरम पाणी ठेवा. वरून ठिबकणारी चरबी त्यात पडते, आच स्थिर राहते.

वरचं भोक पूर्ण उघडं, ते मांसाच्या बाजूला येईल असं झाकण फिरवून ठेवायचं. आच सांभाळायची ती खालच्या भोकाने, ते सुरुवातीला करंगळी जाईल एवढं. आणि १०० अंशांवरच खालचं भोक आवळायला लागा. ग्रिल एकदा १५० वर गेलं की खाली आणायला तास जातो, १०० वरून १२० वर न्यायला मात्र काहीच लागत नाही. झाकणावरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, तो घुमटाची हवा मोजतो. मांसाशेजारी जाळीवर वेगळा प्रोब, म्हणजे थर्मामीटरची सळई लावा. माझ्या झाकणावर १३५ दिसतं तेव्हा जाळीवर ११५ असतं.

धूर. पांढरा दाट धूर बघून तुम्हाला बरं वाटलं असं लिहिलंत. कडवट चव अशाच धुराने येते. लाकूड गुदमरून जळतं तेव्हा तसा धूर येतो आणि मांसावर काजळीचा कडू थर बसतो. हवा तो पातळ, निळसर, जवळपास न दिसणारा. झाकणाच्या भोकावर हात धरून वास घ्या. वास गोडसर आला की मांस ठेवा, डोळ्यांत झोंबला की थांबा. लाकूड भिजवू नका. पाणी वरच्या थरापलीकडे फारसं शिरत नाही, आधी ते उडेपर्यंत लाकूड नुसतं धुमसत राहतं. ओक किंवा हिकरी घ्या. मेस्क्वाइट फार उग्र, इतक्या तासांसाठी नको. राळ असलेलं पाइन आणि रंग दिलेलं लाकूड तर चुकूनही नाही.

व्हिनेगर विसरा. ते वरच्या काही मिलिमीटरपुरतं काम करतं, कोलॅजनपर्यंत पोचत नाही. आत शिरतं ते मीठ. एका किलोला १० ते १२ ग्रॅम, आदल्या दिवशी चोळून, उघडंच फ्रिजमध्ये. ग्रिलवर ठेवताना वरून भरड मिरी, भरपूर.

आणि कधी काढायचं? ९० झाले की तपासायला लागा. प्रोब फ्लॅटच्या जाड भागात खुपसा. लोण्यात सुरी जावी तसा गेला पाहिजे. कधी ९३ ला जातो, कधी ९७ ला. माझ्या वहीत एक ९९ चीही नोंद आहे. आकडा फक्त ‘आता बघ’ एवढं सांगतो, उत्तर हाताला कळतं.

रात्रपाळी:

मंद_आच यांनी लिहिलेलं सगळं बरोबर, फक्त ‘अडकलं तर काहीच करू नका’ हे मला मान्य नाही. त्या वेळी गुंडाळा. यालाच ‘टेक्सास क्रच’, म्हणजे टेक्सासची कुबडी म्हणतात. फॉइल किंवा बुचर पेपरमध्ये (मांस गुंडाळायचा जाड कागद) घट्ट गुंडाळलं की वाफ उडायची थांबते आणि काटा पुन्हा चढायला लागतो. पण घड्याळ बघून गुंडाळू नका. नखाने वरचा थर खरवडून बघा. मिरी-मीठ बोटाला लागून आलं तर अजून वेळ आहे. थर चिकटून राहिला आणि रंग गडद तांबूस-काळा झाला की गुंडाळायचं. फॉइलमध्ये लवकर होतं पण वरचा खरपूस थर मऊ पडतो. कागदात थोडी वाफ सुटते, थर टिकतो.

बहुतेकांना तो खरपूस थरच हवा असतो. पण ताईंच्या बाबांना कवळी आहे. त्यांच्यासाठी फॉइलच योग्य. हे मी मनापासून सांगतोय, माझ्या आईसाठी मीही फॉइलच वापरतो.

दुसरं, फक्त फ्लॅट आणू नका. पूर्ण ब्रिस्केटमध्ये दोन स्नायू असतात, खाली पातळ, कमी चरबीचा फ्लॅट आणि त्यावर जाडजूड, चरबीने भरलेला पॉइंट, मध्ये चरबीची पट्टी. सुटा फ्लॅट जमवणं सगळ्यात अवघड. बाबांच्या ताटात पॉइंट वाढा. वरची चरबी मात्र अर्धा-पाऊण सेंटिमीटर ठेवून बाकी काढून टाका, नाहीतर ती वितळतही नाही आणि खाल्लीही जात नाही.

आणि एकदा गुंडाळलं की मांस धूर घेत नाही, त्याला फक्त उष्णता हवी. मग कोळशाशी झगडत का बसायचं? सरळ ओव्हन १२० ला लावा आणि पुढचे तास तिथे. यात कमीपणा काही नाही.

वाढदिवसाच्या आधी एकदा चकवर हात बसवून घ्या. खांद्याचा दीड-दोन किलोचा तुकडा, तेच मीठ, तोच साप, फक्त अर्धा. चकची चूक ब्रिस्केटइतकी महागात पडत नाही, आणि ९५ पर्यंत नेलात की काट्याने सुटा होतो.

निळी_ज्योत:

गॅस ग्रिल असलेल्या कुणी हे वाचत असेल तर: एका टोकाचा बर्नर मंद, बाकी बंद, मांस दुसऱ्या टोकाला. लाकडाचे तुकडे फॉइलच्या पुडीत, वर दोन-तीन भोकं, पुडी पेटत्या बर्नरवर. धूर कोळशाइतका येत नाही, पण आच सांभाळायची झंझट नाही.

एक कळकळीचं सांगणं सगळ्यांनाच. रात्री पाऊस आला म्हणून कोळशाचं ग्रिल गॅरेजमध्ये किंवा छपराखालच्या बंद जागेत ओढू नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि धुमसते कोळसे तो तासन्‌तास सोडत राहतात.

अंगणातली_चूल:

वाचून हात थरथरले खरं सांगते. मी प्रत्येक वेळी उलट्याच दिशेने सुधारणा करत होते.

दोन शंका. कापल्यावर आत गुलाबी कडा दिसते, ती मला एकदाही आली नाही, म्हणजे धूर मुरत नव्हता का? आणि उतरवल्यावर किती वेळ थांबायचं? मी आजवर दहा मिनिटांत कापलंय.

मंद_आच:

गुलाबी कडेची काळजी सोडा. धुरातले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू मांसातल्या मायोग्लोबिनला, म्हणजे मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला, चिकटून तो रंग धरतात. मांस साधारण ६० च्या वर तापलं की मायोग्लोबिन बदलतं आणि कडा वाढायची थांबते. चवीशी तिचा संबंध नाही. फ्रिजमधून काढून थंडगार, ओलसर मांस सरळ ग्रिलवर ठेवा, आपोआप येईल.

थांबण्याचं मात्र फार महत्त्वाचं. दहा मिनिटांत कापलंत तर सगळा रस पाटावर. उतरवल्यावर १५-२० मिनिटं फॉइल जरा सैल करा म्हणजे शिजणं थांबतं, मग परत बंद करून दोन जुन्या टॉवेलांत गुंडाळून रिकाम्या आइसबॉक्समध्ये ठेवा, झाकण घट्ट. किमान दोन तास. आत प्रोब राहू द्या. ६० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, त्याखाली जंतू वाढायला लागतात. म्हणून वेळेचा हिशेब करताना दोन-तीन तास आधी तयार होईल असाच धरा. लवकर झालं तर आइसबॉक्स सांभाळून घेतो. उशीर झाला तर पाहुण्यांच्या भुकेपायी तुम्ही परत ८४ ला काढाल.

कापताना रेष्यांच्या आडवं. फ्लॅट आणि पॉइंटचे रेषे वेगवेगळ्या दिशांना जातात, त्यामुळे मध्ये थांबून तुकडा फिरवून घ्यावा लागतो. मांस कच्चं असतानाच फ्लॅटचा एक कोपरा रेष्यांना आडवा छाटून ठेवा, शिजल्यावर काळ्या थराखाली दिशा दिसत नाही.

अंगणातली_चूल:

काल वाढदिवस झाला. चक आधी करून बघितला होता, तो ९६ ला काट्याने सुटला, तेव्हाच धीर आला.

ब्रिस्केट पूर्ण आणलं, ४.६ किलो, चरबी छाटल्यावर ३.९ उरलं. रात्री नऊला ठेवलं. साप मांडायलाच मला अर्धा तास लागला, दोनदा कोलमडला. साडेअकराला जाळीवर ११२ अंश, धूर जवळजवळ दिसतच नव्हता, नुसता वास. तीनला उठून बाहेर आले तर आग सापाच्या साधारण अर्ध्यावर, पुढचे ब्रिकेट काळे, मागे नुसती राख, मधले चार-पाच लाल. एवढ्या थोड्या निखाऱ्यांवर एवढं मांस शिजतंय हे बघत मी तिथेच शाल घेऊन बसले.

पाचला ६८. मग अडकलं. सहा, सात, आठ. प्रत्येक वेळी हात कोळशाच्या पिशवीकडे जायचा, मी लावला नाही. सव्वानऊला ७३ होतं, नखाने खरवडून बघितलं, थर सुटेना. फॉइलमध्ये गुंडाळलं आणि ओव्हनमध्ये. साडेअकराला ९३, पण प्रोब फ्लॅटमध्ये अडखळत होता. तिथे मी आधी असते तर काढलंच असतं. सव्वाबाराला ९६, आणि प्रोब असा गेला की मला वाटलं चुकून भोकातच घातला. दुसरीकडे घालून बघितला, तसाच. अडीचपर्यंत आइसबॉक्समध्ये, काढलं तेव्हा आतून ७१.

बाबांना पॉइंटचे दोन काप वाढले. त्यांनी सवयीने सुरी उचलली, मग ठेवून दिली आणि काट्याच्या कडेनेच तुकडा मोडला. काही बोलले नाहीत, ताट पुढे केलं. तीन वेळा घेतलं.

फ्लॅटचं एक टोक किंचित कोरडं झालं, साप ज्या बाजूने पेटवला होता तीच बाजू. आणि साधारण एक किलो उरलंय. न वाळवता गरम कसं करायचं?

मंद_आच:

ताई, ते ‘ताट पुढे केलं’ दोनदा वाचलं.

कोरड्या टोकासाठी: पुढच्या वेळी पॉइंटची बाजू पेटत्या टोकाकडे ठेवा, आणि आग अर्ध्यावर आली की मांस एकदा अर्ध्या वर्तुळात फिरवा. तेवढ्यापुरतं झाकण उघडलं तर चालतं.

उरलेलं सगळं आज कापू नका, अखंडच ठेवा. फॉइलमध्ये साठलेला रस गाळून, वरची चरबी काढून त्यावर ओता, हवा काढून पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये. खायच्या वेळी पिशवीसकट ७० अंशांच्या पाण्यात तासभर, पाणी उकळू द्यायचं नाही. मग काढून काप करा. तीन-चार दिवसांत संपवा, त्याहून जास्त ठेवायचं असेल तर आजच फ्रीझरमध्ये टाका.

रात्रपाळी:

त्यात पॉइंट उरला असेल तर बाबांसाठी तोच आधी बाजूला काढून ठेवा, गरम केल्यावर फ्लॅटपेक्षा तो मऊ राहतो.